प्रोसेसरचा माथा घासावा का?

प्रोसेसरवर जो चकचकीत चौकोन दिसतो ती चिप नव्हे. चिप त्याच्या खाली असते, जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी. वरचा चौकोन म्हणजे तिची उष्णता पसरवून कूलरपर्यंत पोचवणारे तांब्याचे झाकण. त्यावर काही मायक्रॉन जाडीचा निकेलचा मुलामा असतो. हे झाकण काचेवर ठेवलेल्या वॉटर पेपरवर घासून सपाट करण्याच्या कामाला लॅपिंग म्हणतात. त्याने तापमान दहा-बारा अंशांनी उतरते असे काही जण सांगतात, तर काहींना एका अंशाचाही फरक दिसत नाही. दोघेही खरे बोलत असू शकतात.

झाकण आणि कूलरचा तळ यांच्यात नेहमीच फट असते आणि ती आपण थर्मल पेस्टने भरतो. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन आहे, बऱ्या पेस्टची ५ ते १०, आणि हवेची ०.०२६. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा कितीतरी चांगली असली तरी तांब्यापुढे ती जवळजवळ अडथळाच. लॅपिंगचा सगळा फायदा हा थर पातळ होण्यात आहे.

हिशेब सोपा आहे. उष्णता मुख्यतः ४ चौरस सेंटिमीटरमधून वर जाते, पेस्टचा थर ५० मायक्रॉनचा आहे आणि तिची वाहकता ५ आहे, असे धरा. मग या थरात दर वॅटमागे ०.०२५ अंशाचा फरक पडतो. घासून थर २५ मायक्रॉनवर आणला, तर ६५ वॅटच्या प्रोसेसरला मिळतो जेमतेम ०.८ अंश आणि २०० वॅटच्या प्रोसेसरला २.५ अंश. पण झाकण मध्यभागी इतके खोलगट असेल की तिथे थर १०० मायक्रॉनचा झाला आहे, आणि घासून तो २० वर आला, तर त्याच २०० वॅटला ८ अंश उतरतात. झाकण किती वाकडे आहे आणि प्रोसेसर किती वीज खातो, यांवरच उत्तर ठरते.

दोन गैरसमज याच हिशेबात सुटतात. झाकण पातळ झाल्याने उष्णता लवकर बाहेर पडते, हा पहिला. ०.१ मिलिमीटर तांबे कमी केले तर २०० वॅटला सुमारे ०.१३ अंश मिळतो, निकेल काढून तर त्याहूनही कमी. दुसरा गैरसमज आरशासारख्या झिलईचा. पेस्टमधले कणच काही मायक्रॉनचे असतात, त्यामुळे १००० नंबरच्या पेपरपुढची चकाकी फक्त फोटोपुरती. उलट कापडाने किंवा फिरत्या यंत्राने झिलई काढताना कडा गोल होतात आणि मिळवलेली सपाटी जाते. चमक आणि सपाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता खरी अडचण. झाकण आपण सपाट करतो ते हातात, पण ते काम करते सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या खोबणीत, दाबाखाली. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये, म्हणजे २०२१च्या बाराव्या पिढीपासून, प्रोसेसर लांबट झाला आणि पकडणारी पत्र्याची चौकट त्याला दोन लांब बाजूंच्या मध्यावर दाबते. त्यामुळे तो वाकतो आणि माथा खोलगट होतो. असा प्रोसेसर बाहेर काढून कितीही निगुतीने घासला तरी परत बसवल्यावर तो पुन्हा वाकणारच. इथे आधी चारही कडांवर सारखा दाब देणारी कॉन्टॅक्ट फ्रेम बसवावी. बऱ्याचदा तेवढ्यावरच काम भागते. फ्रेमचे स्क्रू मात्र बेताने आवळा. ते जास्त पिळले की मेमरीचा एखादा चॅनेल दिसेनासा होतो किंवा संगणक सुरूच होत नाही.

कूलरचा तळही विचारात घ्यावा लागतो. अनेक उत्पादक तो मुद्दाम किंचित फुगीर ठेवतात, खोलगट झाकणात बसावा म्हणून. नॉक्टुआने २०२४मध्ये एनएच-डी१५ जी२ हा कूलर तळाच्या तीन वेगवेगळ्या फुगवट्यांसह बाजारात आणला, तो याच कारणाने. अगदी सपाट झाकणावर जास्त फुगीर तळ बसवला तर कडांना फट वाढते. एएमडी कंपनीच्या रायझेन ७००० सारख्या प्रोसेसरांत गाभ्यांच्या (कोअरच्या) चिपा मध्यभागी नसून एका बाजूला असतात, म्हणून तिथे ही फट अधिकच महत्त्वाची. त्यांच्यासाठी कूलर काही मिलिमीटर सरकवून बसवण्याच्या पट्ट्या मिळतात, आणि त्या घासण्याहून सोप्या आहेत.

घासायचे ठरवण्याआधी तपासणी करा. झाकण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून त्यावर नवी ब्लेड उभी धरा आणि मागून उजेड पाडा. दोन्ही कर्णांवर आणि दोन्ही बाजूंवर पाहा. मध्ये उजेडाची फट दिसली तर झाकण खोलगट, कडांना दिसली तर फुगीर. काहीच दिसले नाही तर इथेच थांबा. कूलरचा तळही असाच तपासा. शिवाय जुना कूलर काढल्यावर पेस्टचा ठसा नीट बघा. तो सॉकेटमधली खरी स्थिती सांगतो. मध्यभागी पेस्ट जाड आणि कडांना जवळपास नाहीच, असा ठसा असेल तर विचार करण्यासारखे आहे.

साहित्यात ५-६ मिलिमीटर जाडीची काच, ४००, ८०० आणि १००० नंबरचे वॉटर पेपर, मार्कर, अल्कोहोल आणि डाग न ठेवणारी चिकटपट्टी एवढे पुरे. लाकडी टेबल किंवा पुस्तक चालणार नाही, ती सपाट नसतात. खालची सोनेरी टिकल्यांची बाजू पट्टीने झाका. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला टिकल्यांऐवजी १३३१ नाजूक पिना असतात. तो दाट अँटिस्टॅटिक फोममध्ये रोवून धरा. त्यापुढच्या एएम५ सॉकेटच्या प्रोसेसरच्या झाकणाला खाचा असतात आणि त्यांत छोटे कपॅसिटर उघडे दिसतात. तांब्याचा कीस वीज वाहतो, म्हणून त्या खाचा आधी बंद करा आणि पाणी फक्त थेंबांनी वापरा.

झाकणावर मार्करने जाळी काढा. बोटांचा हलका, मधोमध दाब ठेवून एकाच दिशेने वीस वेळा ओढा, मग प्रोसेसर पाव फेरा वळवा आणि पुन्हा वीस. आधी तांबे कुठे दिसते ते पाहा: कोपऱ्यांवर दिसले तर झाकण खोलगट होते, मध्ये दिसले तर फुगीर. सगळी जाळी एकसारखी जाईपर्यंत ४०० नंबरच, पुढचे पेपर फक्त ओरखडे काढायला. घाई करून एका बाजूला जोर दिला की झाकण तिरपे होते, आणि हीच सर्वांत जास्त होणारी चूक. फार घासले तर माथा पकडीच्या पत्र्याच्या पातळीजवळ येतो आणि कूलरचा दाबही उतरतो.

वॉरंटी संपते हे उघडच आहे, कारण माथ्यावरची लेसरने कोरलेली अक्षरेही निघून जातात. आधी त्यांचा फोटो काढा. उघड्या तांब्यावर पेस्ट बेलाशक चालते, पण पेस्टऐवजी काही जण वापरतात तो द्रवधातू (लिक्विड मेटल) लावू नका. त्यातले गॅलियम तांब्यात मुरते, थर कोरडा पडत जातो आणि तापमान पुन्हा चढते. निकेल त्याला बराच रोखून धरते, आणि तेच आपण काढून टाकलेले असते.

आमचे मत विचाराल तर विजेच्या व्होल्टेजपासून सुरुवात करा. प्रोसेसरची गतिशील वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज ५ टक्के उतरले की वीज जवळजवळ १० टक्के उतरते. २०० वॅटचे १८० होतात आणि दर वॅटला ०.२५ अंश चढवणाऱ्या कूलरवर ५ अंश वाचतात, तेही काहीही न घासता. प्रत्येक प्रोसेसर एवढी कपात सोसेलच असे नाही. थोडे थोडे उतरवत दर टप्प्याला स्थिरता तपासावी लागते.

तरीही घासलेच, तर मोजणी नीट करा. नुसती पेस्ट पुन्हा लावूनही एक-दोन अंश इकडेतिकडे होतात, म्हणून आधी आणि नंतर तीन-तीन वेळा कूलर बसवून सरासरी घ्या. पंख्याचा वेग आणि विजेची मर्यादा कायम ठेवा, वीस मिनिटे पूर्ण भार द्या, आणि खोलीचे तापमान वजा करून आकडे लिहा. रायझेन ७००० मालिकेचे मोठे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जातील असेच रचलेले आहेत, आणि थंडावा मिळाला की तो ते वेग वाढवण्यात खर्च करतात. विजेची मर्यादा घातली नसेल तर त्यांच्यावर लॅपिंगनंतरही काटा ९५वरच दिसेल; फरक पाहायचा तो मेगाहर्ट्झमध्ये.