अंडरटेकर : गुपित फुटल्यानंतर जन्मलेलं पात्र

फेब्रुवारी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे एक विधेयक होतं. व्यावसायिक कुस्तीवरची सरकारी देखरेख उठवावी, असा त्याचा आशय. व्हिन्स मॅकमहनच्या वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफने, त्यासाठी सरकारदरबारी कबूल करून टाकलं की ही स्पर्धा नाहीच, मनोरंजन आहे. या प्रामाणिकपणामागे तत्त्व-बित्त्व काही नव्हतं. परवाने, तपासण्या आणि कर यांतून सुटका हवी होती, एवढंच. पण ज्या धंद्यात नायक आणि खलनायक एका गाडीतून उतरतानाही लोकांना दिसू नयेत म्हणून धडपडत आणि हे सोंग जपण्याला ‘केफेब’ असं खास नाव होतं, तिथे ही कबुली म्हणजे घरच्यानेच घर उघडं टाकण्यासारखं होतं.

गंमत अशी की या कबुलीला दोन वर्षं व्हायच्या आत त्याच कंपनीने रिंगमध्ये एक मेलेला माणूस उतरवला, आणि लोकांनी तो मनापासून स्वीकारला. अंडरटेकरची तीस वर्षांची कारकीर्द पाहताना हा क्रम विसरून चालत नाही. निकाल आधी ठरतो हे जाहीर झाल्यानंतरच्या प्रेक्षकाला त्याने बांधून ठेवलं. नुरा कुस्ती म्हणून आपण जिच्याकडे बघून नाक मुरडतो, तिच्यात एखाद्याला अशी श्रद्धा कशी मिळते, हा खरा कुतूहलाचा भाग आहे.

अंडरटेकरचं काम करणाऱ्या मार्क कॅलवेचा जन्म २४ मार्च १९६५चा, टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा. पाच भावांत धाकटा. उंची सहा फूट दहा इंच (ही कंपनीच्या कागदावरची, त्यामुळे थोडी ताणलेली असेल). अशा मुलाला बास्केटबॉल चुकणार कसा? फोर्ट वर्थच्या टेक्सास वेस्लियन कॉलेजकडून तो खेळला, आणि मग कुस्तीच्या नादाला लागला. नेमका पडत्या काळात. तोवर अमेरिकेतली कुस्ती इलाख्यांत वाटलेली होती. प्रत्येक इलाख्याचा प्रमोटर वेगळा, पैलवान वेगळे, स्थानिक वाहिनीवरचा कार्यक्रम वेगळा. १९८२ मध्ये मॅकमहनने वडिलांची कंपनी विकत घेतली, केबल टीव्हीच्या जोरावर देशभर हातपाय पसरले आणि इलाखे एकेक करून बुडू लागले. कॅलवे १९८७ मध्ये डॅलसला ‘टेक्सास रेड’ या नावाने उतरला, तेव्हा ही पडझड ऐन भरात होती. पुढे मेम्फिसला तो ‘मास्टर ऑफ पेन’ झाला आणि एप्रिल १९८९ मध्ये तिथल्या लाडक्या जेरी लॉलरला हरवून त्याने किताबही घेतला. मग ‘द पनिशर’. नावं बदलत गेली, पण प्रत्येक ठिकाणी तोच तो आडदांड, धिप्पाड माणूस.

१९८९ संपता संपता तो मॅकमहनच्या प्रतिस्पर्धी कंपनीत, डब्ल्यूसीडब्ल्यूमध्ये गेला. तिथे त्याचं नाव ‘मीन मार्क कॅलस’. तू खेळाडू चांगला आहेस, पण तुला बघायला कुणी पैसे मोजणार नाही, असं तिथे आपल्याला सांगण्यात आलं, हा किस्सा त्याने नंतर अनेक मुलाखतींत सांगितला. याच सुमारास मॅकमहनचा सर्वांत मोठा तारा हल्क होगन याच्या एका चित्रपटात त्याला लहानसं काम मिळालं. ती ओळख उपयोगी पडली आणि मॅकमहनचा दरवाजा उघडला.

पण आत काय वाढून ठेवलंय, याचा त्याला अंदाज नव्हता. त्या दिवसांत डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कार्यक्रमांत एक भलंमोठं अंडं मिरवलं जात होतं. ‘सर्व्हायव्हर सीरिज’ या वार्षिक कार्यक्रमाच्या रात्री ते फुटून आतून कोणीतरी बाहेर येणार, अशी जाहिरात चालू होती. अंड्यातला तो आपणच असू, अशी कॅलवेला धास्ती होती. २२ नोव्हेंबर १९९० रोजी कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला अंडं फुटलं. त्यातून टर्की पक्ष्याच्या वेशातलं ‘गॉबल्डी गूकर’ नावाचं पात्र निघालं आणि प्रेक्षकांनी त्याची यथेच्छ हुर्यो उडवली. त्याच रात्री टेड डीबियासीच्या संघातला गुप्त भिडू म्हणून काळी टोपी, लांब काळा कोट आणि करड्या हातमोज्यांतला अंडरटेकर आला. एकाच कार्यक्रमात कंपनीने दोन नवी सोंगं आणली. एक आजही थट्टेचा विषय आहे, आणि दुसरं तीस वर्षं चाललं.

या यशाचं श्रेय कल्पनेला कमी आणि करणाऱ्याला जास्त आहे, असं मला वाटतं. जुन्या वेस्टर्न चित्रपटांतला प्रेतं पुरणारा माणूस रिंगमध्ये आणायचा, ही कल्पना कागदावर अंड्याइतकीच बाष्कळ होती. कॅलवेने काय केलं, तर जवळपास काहीच केलं नाही. तो हळू चालायचा. बोलायचा क्वचित. प्रतिस्पर्ध्याचा फटका बसला तरी चेहऱ्यावर रेष हलायची नाही. पाठीवर पडला की कमरेतून ताठ उठून बसायचा. कुस्तीच्या धंद्यात मार खाल्ल्याचा अभिनय हेच अर्धं कौशल्य. ते बाजूला ठेवून लोकांचं लक्ष धरून ठेवायचं, म्हणजे शरीरावर विलक्षण ताबा हवा. तो ताबा मध्येच एखाद्या क्षणी दिसायचा. समोरच्याचा हात पिरगाळून एवढा मोठा माणूस वरच्या दोरावर चढायचा आणि दोरावरून चालत जायचा. शेवट ‘टूमस्टोन’ने, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला उलटा धरून गुडघ्यांवर बसत डोक्यावर आपटायचं. मग त्याचे हात छातीवर दुमडून ठेवायचे आणि चितपट.

सोबतीला १९९१ पासून पॉल बेअरर हा व्यवस्थापक आला. पांढरा पडलेला गोल चेहरा, किनरा आवाज आणि हातात अस्थिकलश. बेअररचं काम करणारा विल्यम मूडी खरोखरच अंत्यसंस्काराच्या व्यवसायातला प्रशिक्षित, परवानाधारक माणूस होता. असा योग जुळवून आणू म्हटलं तरी जुळत नाही. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला डेट्रॉइटमध्ये अंडरटेकरने होगनला हरवून कंपनीचा मुख्य किताब घेतला. सहा दिवसांत तो गेलाही, पण त्याने काही बिघडलं नाही. या माणसाचं महत्त्व किताबाच्या पट्ट्यावर कधीच अवलंबून नव्हतं.

नव्वदचं दशक म्हणजे थरारावर थर. १९९४च्या जानेवारीत योकोझुनाने दहा-बारा पैलवानांच्या मदतीने त्याला शवपेटीत कोंबलं, आणि तो ‘मेला’. ऑगस्टमध्ये शिकागोला दोन अंडरटेकर एकमेकांशी लढले. तोतया होता ब्रायन ली नावाचा पैलवान. लढत रटाळ झाली, पण लीचं नाव लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे. ५ ऑक्टोबर १९९७ला सेंट लुईसमध्ये ‘हेल इन अ सेल’ या छतबंद पिंजऱ्यातल्या प्रकाराची पहिली लढत शॉन मायकल्सशी झाली. तिच्या शेवटी ‘केन’ हा त्याचा कथेतला भाऊ अवतरला. केनचं काम करणारा ग्लेन जेकब्स पुढे टेनेसीतल्या नॉक्स काउंटीचा महापौर म्हणून निवडून आला, पण ते वेगळं प्रकरण.

२८ जून १९९८ला पिट्सबर्गमध्ये त्याच पिंजऱ्याच्या छतावरून त्याने मॅनकाइंडला, म्हणजे मिक फोलीला, खाली भाष्यकारांच्या टेबलावर फेकलं. सुमारे सोळा फुटांवरून. निकाल ठरलेला होता आणि ही उडीही ठरलेली होती. फोली थोड्या वेळाने परत वर चढला. तेव्हा मात्र त्याच्यासकट छताची जाळी निसटली, आणि ते ठरलेलं नव्हतं. अंडरटेकर स्वतः त्या रात्री मोडलेल्या पायाने उभा होता. ‘सगळं खोटं असतं’ म्हणणाऱ्याला ही एक लढत दाखवावी.

शतक सरताना हवा बदलली. स्टोन कोल्ड ऑस्टिन आणि द रॉक यांच्या तोंडाळ, रस्त्यावरच्या भाषेपुढे अस्थिकलश आणि धूर जुनाट वाटू लागले. मे २००० मध्ये अंडरटेकर मोटारसायकलवरून आला. डोक्याला रुमाल, डोळ्यांवर गॉगल, आणि चक्क बोलू लागलेला. बऱ्याच चाहत्यांना हा अवतार पचला नाही. माझ्या मते तोच त्याचा सर्वांत हुशार निर्णय. मधली चार वर्षं त्याने मृतात्मा मिरवला असता, तर तो हास्यास्पद झाला असता. लोकांना त्याची उणीव भासू दिली, आणि १४ मार्च २००४ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये घंटेच्या टोल्यांवर तो काळ्या टोपीत परतला.

रेसलमेनिया या कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमातली अपराजित मालिका हा त्याच्या नावाचा सर्वांत मोठा ठेवा. तीही कुणी आखलेली नव्हती. सुरुवात १९९१ मध्ये जिमी स्नुकाला हरवून झाली, योगायोगाने त्याच्या सव्विसाव्या वाढदिवशी. १९९३ मध्ये जायंट गोन्झालेसला क्लोरोफॉर्म वापरल्याबद्दल बाद ठरवलं म्हणून तो जिंकला. इतक्या फुसक्या विजयाचीही पुढे मालिकेत गणना झाली. १९९४ आणि २००० मध्ये तो उतरलाच नाही. आपण त्याला तिथे एकदाही हरवलेलं नाही, हे कंपनीच्या ध्यानात यायला दशक गेलं. २००२ मध्ये रिक फ्लेअरला हरवल्यावर त्याने दहा बोटं वर केली, आणि तिथून त्या आकड्याचा बोलबाला झाला. २००९ आणि २०१० मधल्या मायकल्सबरोबरच्या दोन लढती या मालिकेचा कळस. दुसऱ्या लढतीत मायकल्सची कारकीर्दच पणाला लागली होती.

भारतात या सगळ्याचं वेगळंच रसायन झालं. केबल नुकतीच घराघरांत आली होती आणि न्यू जर्सीची कबुली इथल्या शाळकरी मुलांच्या कानावर आलेली नव्हती. ट्रम्प कार्डांच्या गठ्ठ्यात अंडरटेकर हाती आला की डाव खिशात. तो सात वेळा मरून उठला, ही ‘पक्की’ बातमी पुण्यापासून पाटण्यापर्यंत प्रत्येक वर्गात कुणा ना कुणाकडे असायचीच. १९९६च्या ‘खिलाडियों का खिलाडी’त अक्षय कुमारने त्याला उचलून आपटलं, असंही लोक छातीठोकपणे सांगत. पडद्यावरचा तो अंडरटेकर म्हणजे शिकागोचा तोतया, ब्रायन ली. अक्षयने २०२१ मध्ये ते स्वतः जाहीरपणे सांगितलं, आणि खऱ्या अंडरटेकरने त्याला खऱ्या लढतीचं गमतीशीर आव्हान दिलं. त्याआधी एप्रिल २००६ मध्ये हिमाचलच्या दलीपसिंह राणाने, अर्थात ग्रेट खलीने, पदार्पणातच अंडरटेकरला लोळवलं आणि मे महिन्यात सरळ चितपट केलं. खलीला जगभर ओळख देण्यासाठी कंपनीने अंडरटेकरचाच बळी दिला, यात त्याची बाजारातली किंमत कळते.

६ एप्रिल २०१४, न्यू ऑर्लिन्समधली रेसलमेनिया. ब्रॉक लेस्नरने ‘एफ-फाइव्ह’ हा आपला ठेवणीतला डाव तिसऱ्यांदा मारला आणि पंचाने तीन मोजले. पंचाहत्तर हजारांच्या गर्दीत काही क्षण कुणाला ओरडायचंही सुचलं नाही. मोठ्या पडद्यावर २१-१ झळकलं. निकाल ठरलेला असतो हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊक होतं, तरीही माणसं रडली. निर्णय ऐनवेळी मॅकमहनने बदलला, हे कॅलवेने नंतर सांगितलं. लढतीत डोक्याला जबर मार बसल्याने त्याला त्या संध्याकाळचं काही आठवत नाही.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. २०१७ मध्ये रोमन रेन्सकडून हरल्यावर त्याने हातमोजे, कोट आणि टोपी रिंगच्या मधोमध काढून ठेवली. निरोप याहून चांगला जमला नसता. पण पुढच्याच वर्षी तो परतला, आणि जून २०१९ मध्ये जेद्दाहला गोल्डबर्गबरोबर जी लढत झाली ती दोघांच्याही जिवावर बेतली असती. आणखी एकदा नीट शेवट करून बघू, हा मोह त्याला सुटेना, आणि एका माहितीपट मालिकेसाठी कॅमेरे नेमके याच काळात त्याच्यामागे होते. इतकी वर्षं मौन पाळलेला माणूस शस्त्रक्रियांबद्दल, शंकांबद्दल, मत्सराबद्दल मोकळेपणी बोलला. एप्रिल २०२० मध्ये स्मशानाच्या देखाव्यात चित्रित झालेली एजे स्टाइल्सविरुद्धची लढत शेवटची ठरली. रेसलमेनियातला हिशेब २५-२ वर थांबला. कोविडमुळे प्रेक्षागृह रिकामं असताना, पदार्पणाला बरोबर तीस वर्षं झाली त्या दिवशी, २२ नोव्हेंबर २०२०ला ऑर्लँडोत औपचारिक निरोप झाला.

एप्रिल २०२२ मध्ये डॅलसला हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव मॅकमहनने पुकारलं. त्यानंतर कॅलवे एकट्याने रंगमंचावर बसून किस्से सांगण्याचे कार्यक्रम करू लागला, पुढे त्याने पॉडकास्ट सुरू केला, आणि २०२५ मध्ये एका टीव्ही मालिकेत नवोदितांना शिकवू लागला. मधल्या काळात, ७ एप्रिल २०२४ला फिलाडेल्फियातल्या रेसलमेनियात दिवे गेले, घंटा वाजली आणि त्याने द रॉकला चोकस्लॅम देऊन, म्हणजे गळ्याला धरून उचलून, आपटलं. मग पुन्हा दिवे गेले, आणि आले तेव्हा तो तिथे नव्हता.