पोट दाबणारे हात आणि पोटाचा पट्टा

कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून लवचीक दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी, चालू असते तेव्हा डॉक्टरांची नजर पडद्यावर असते, पेशंट गुंगीत असतो आणि पलंगाला टेकून एक नर्स दोन्ही तळव्यांनी पेशंटचे पोट दाबून उभी असते. तिचे काम रिपोर्टात क्वचितच लिहिले जाते. तपासणीच्या वेळी पोटाला बांधायचे जे पट्टे गेल्या काही वर्षांत आले, त्यांचे मूळ या दाबण्यात आहे.

मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब. त्याचा चढता आणि उतरता भाग पाठीकडच्या भिंतीला चिकटलेला असतो. मधला आडवा भाग आणि खालचा नागमोडी सिग्मॉइड मात्र पातळ पडद्याच्या आधाराने लोंबत असतात. दुर्बीण नुसती ढकलत गेले, तर टोक आहे तिथेच राहते आणि सिग्मॉइड ताणून त्याचे वेटोळे होते. डॉक्टर त्याला ‘लूप’ म्हणतात. पेशंट कळवळतो तो बहुतेकदा या ताणामुळे. जाणता हात दुर्बीण मागे ओढत, नेफ्यात नाडी ओवताना कापडाच्या चुण्या पडतात तसे आतडे तिच्यावर गोळा करत जातो. असे जमले तर अवघ्या 70-80 सेंटिमीटरमध्ये आतड्याचे दुसरे टोक, म्हणजे सीकम, गाठता येते. बाहेरून पोट दाबायचे ते सिग्मॉइडला फुगायला जागा मिळू नये म्हणून.

ही अडचण लवचीक दुर्बिणीबरोबरच आली. काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येते, हे हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी 1954 मध्ये दाखवले. 1957 मध्ये बॅसिल हर्शोविट्झ यांनी त्यावरून जठराची दुर्बीण बनवली. मोठ्या आतड्याच्या वळणांपुढे मात्र तिचे काही चालेना. 1965 मध्ये सार्डिनियात प्रोव्हेन्झाले आणि रेविन्यास यांनी पेशंटला बारीक नळी गिळायला लावली, ती गुदद्वारातून बाहेर आल्यावर तिला दुर्बीण बांधली आणि वरून ओढून घेतली! ढकलून जमत नाही तर ओढा, असा सरळ हिशेब. न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी 1969 मध्ये आतडे पार करून त्याच दुर्बिणीतून पॉलिपही (आतड्याच्या अस्तरावर वाढणारे कोंब) काढले, आणि तपासणीला आजचे रूप येऊ लागले.

लूप कुठे पडला हे सुरुवातीला एक्स-रेच्या पडद्यावर पाहत. तो मागे पडल्यावर उरला अंदाज. पोट दाबण्याच्या तंत्रावर न्यूयॉर्कच्या जेरोम वे आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये स्वतंत्र लेख लिहिला. एवढ्या रोजच्या कृतीला इतकी वर्षे लागावीत, याचे मला नवल वाटते. 1993 मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने पोटातल्या दुर्बिणीचा आकार पाहण्याचे तंत्र ब्रिटनमध्ये पुढे आले. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2000 मध्ये त्यावर आधारलेली पाहणी प्रसिद्ध केली, आणि अनुभवी डॉक्टरांचेही लूपबद्दलचे बरेचसे अंदाज चुकतात हे उघडे पडले. अंदाजच चुकला तर नर्सने दाबायचे कुठे?

बाळंतिणीचे पोट बांधणाऱ्या आपल्या घरांना पट्ट्याची कल्पना नवी वाटणार नाही. तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी 2014 मध्ये मापाच्या कॉर्सेटचा, म्हणजे पोटाला आवळून बांधायच्या पट्ट्याचा, अभ्यास मांडला. अमेरिकेत ‘कोलोरॅप’ नावाचा खास पट्टा निघाला. त्याची नॉर्थ कॅरोलायनात 350 पेशंटवर चाचणी झाली. निम्म्यांना नुसता दिखाऊ पट्टा होता. 2016 मध्ये निकाल आला: सीकमपर्यंत पोचायला लागणाऱ्या वेळात एकंदरीत फरक नाही. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) 30 ते 40 असलेल्या स्थूल पेशंटमध्ये मात्र वेळ वाचलेला दिसला. उपगटातला निष्कर्ष असल्याने त्यावर फार भिस्त ठेवू नये.

मला पट्ट्याची खरी बाजू नर्सच्या मनगटाची वाटते. स्थूल पेशंटचे पोट वाकून, सगळा भार देऊन दाबायचे, आणि तेही दिवसातून कितीदा तरी. खांदे, कंबर आणि मनगटे दुखणे ठरलेलेच. पट्टा तो भार थोडा हलका करतो. पण लूप सिग्मॉइडमधून सुटून आडव्या भागात पडला की दाबायची जागाही बदलते. तेव्हा डॉक्टर “सिस्टर, जरा वर, बेंबीपाशी” असे म्हणतात, आणि पट्ट्यावरून का होईना, हात पुन्हा पोटावर येतो.