खिडकीवरचे आकडे आणि आपल्याकडचं ऊन

सातारा-सांगलीकडं सध्या जिकडं बघावं तिकडं जुन्या सागवानी खिडक्या निघतायत आणि त्यांच्या जागी यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिक) नाहीतर ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग बसतायत. कारणंही खरीच आहेत, वाळवी लागलेल्या चौकटी, पावसाळ्यात फुगून न लागणारी दारं, आणि मुख्य म्हणजे एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी बसवत नाही. मग फॅब्रिकेटर येतो, टेप लावतो, आणि कोटेशनवर लिहून देतो "डबल ग्लास, एनर्जी सेव्हिंग, यू व्हॅल्यू 2.8". घरातलं कुणीतरी विचारतंच, "म्हणजे किती स्टार?" तर एसी-फ्रिजवर ऊर्जा दक्षता ब्युरोचे स्टार असतात तसलं स्टिकर खिडकीवर दिसत नाही, आणि एका आकड्यात खिडकीचा हिशोब बसतही नाही. दोन-तीन वेगळे आकडे असतात, त्यातला कुठला आपल्या कामाचा हे गाव कुठल्या हवामानात आहे आणि खिडकीचं तोंड कुणीकडं आहे यावर ठरतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या भागात यू व्हॅल्यू विचारायच्या आधी एसएचजीसी, म्हणजे काचेतून उन्हाची किती उष्णता आत येते तो आकडा, विचारा. का ते बघू.

यू व्हॅल्यू म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या हवेत 1 अंशाचा फरक असला तर खिडकीच्या 1 चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता पलीकडं जाते तो आकडा, कमी तितका चांगला. साध्या 6 एमएम काचेचा तो 5.7 च्या आसपास असतो. दोन 6 एमएम काचा आणि मधे 12 एमएमची बंद हवा असं केलं की 2.8 वर येतो. सगळी करामत त्या कोंडलेल्या हवेची, कारण काचेतून उष्णता जितकी सहज जाते त्याच्या चाळिसाव्या हिश्श्यानं सुद्धा ती स्थिर हवेतून जात नाही. पण ही फट वाढवत न्यायची म्हणाल तर 16 एमएमच्या पुढं हवा आतल्या आत फिरायला लागते आणि फायदा थांबतो.

एसएचजीसी वेगळी गोष्ट. काचेवर ऊन पडलं तर त्यातली किती उष्णता घरात आली, सरळ आरपार आलेली आणि काच तापून आत सोडलेली दोन्ही धरून, त्याचा हा आकडा, 0 ते 1 च्या मधला. साध्या 6 एमएम काचेचा 0.82, म्हणजे शंभरातले ब्याऐंशी भाग आत. आणि आत आलेलं ऊन फरशी, गादी, कपाट तापवतं, त्या वस्तू जी उष्णता परत फेकतात ती लांब लहरींची असते, तिला काच सरळ बाहेर जाऊ देत नाही. म्हणून तर सहा वाजता ऊन गेलं तरी खोली धगधगत राहते.

आता आकडेमोड करून बघा. सांगलीत विश्रामबागला किंवा साताऱ्यात गोडोलीला, पश्चिमेला तोंड असलेली चार बाय चारची खिडकी धरा, म्हणजे साधारण 1.5 चौरस मीटर. एप्रिलमध्ये साडेचार वाजता पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला 600 वॅटच्या आसपास ऊन पडतं. साधी काच असेल तर 1.5 गुणिले 600 गुणिले 0.82, म्हणजे 738 वॅट नुसत्या उन्हातून आत. बाहेर 39 आणि आत 29 अंश असले तर फरक 10 अंशांचा, त्यातून काचेवाटे झिरपणारी उष्णता 1.5 गुणिले 10 गुणिले 5.7, म्हणजे 85 वॅट. दोन्ही मिळून 823. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो, त्यातला जवळपास पाव भाग या एका खिडकीनं खाल्ला.

आता हीच खिडकी साध्या डबल ग्लासची करा. यू व्हॅल्यू निम्म्यावर आली, झकास, 85 चे 42 वॅट झाले. पण साध्या डबल ग्लासचा एसएचजीसी 0.70 च्या आसपास असतो, म्हणजे उन्हाचे 630 वॅट तसेच आत येतात, एकूण 672. याउलट एकेरीच पण 0.40 एसएचजीसीची सोलर कंट्रोल (ऊन अडवणारी) काच घातली तर उन्हाचे 360 आणि झिरपणारे 85, मिळून 445. एकेरी काच दुहेरीवर मात करून गेली! दोन काचांचे पैसे मोजून लोक नेमकं जे कमी करायचं होतं ते सोडून दुसरंच कमी करून घेतात.

मग सगळे यू व्हॅल्यूचंच गाणं का गातात? कारण हे तंत्र थंड देशांतून आलंय. तिकडं जानेवारीत बाहेर शून्याच्या खाली आणि आत वीस, फरकच वीस-तीस अंशांचा, तो महिनोन्महिने रात्रंदिवस, तर त्यांना झिरपणारी उष्णता अडवायचीच. ब्रिटनमध्ये खिडक्यांना फ्रिजसारखी ए, बी, सी अशी ग्रेड देतात, आणि ती काढायच्या सूत्रात आत येणारी सूर्याची उष्णता 218.6 ने गुणून चक्क मिळवतात, आणि यू व्हॅल्यू (त्यात फटीतून जाणारी हवा धरून) 68.5 ने गुणून वजा करतात. म्हणजे जितकं ऊन आत तितके मार्क जास्त. तिथली ए ग्रेडची खिडकी मे महिन्यात मिरजेत लावली तर काय होईल ते सांगायला नको. अमेरिकेच्या लेबलवर यू फॅक्टर आणि एसएचजीसी दोन्ही असतात, पण तिथं यूचं एककच वेगळं आहे, त्यांचे 0.30 म्हणजे आपले 1.7, म्हणून इंपोर्टेड ब्रोशरमधला 0.30 बघून हुरळून जाऊ नका.

आपल्याकडं घरांसाठी केंद्र सरकारची इको निवास संहिता आहे, 2018 सालची. तिच्यात थंड प्रदेश सोडून बाकी सगळीकडं भिंती आणि खिडक्या मिळून घरात येणाऱ्या उष्णतेचा एक आकडा काढतात आणि तो दर चौरस मीटरला 15 वॅटच्या आत हवा. त्या सूत्रात उष्ण-कोरड्या हवामानासाठी खिडकीच्या यू व्हॅल्यूला 1.85 ने गुणतात आणि एसएचजीसीला 68.99 ने. आपली साधी काच त्यात घाला, 5.7 गुणिले 1.85 म्हणजे साडेदहा, 0.82 गुणिले 68.99 म्हणजे साडेछपन्न. पाचपटीहून जास्त. दिशेचंही वजन आहे, आपल्या अक्षांशांना उत्तरेच्या बाजूला 0.659 आणि पूर्व-पश्चिमेला 1.155 च्या आसपास. म्हणजे उत्तरेच्या खिडकीला भारी काच घालून पश्चिमेला साधी ठेवणं हा उलटा कारभार, आणि एकसारखं दिसावं म्हणून सगळ्याच खिडक्यांना एकच महाग काच घालणं हाही पैशाचा चुराडाच.

काचेच्या जाती म्हणाल तर टिंटेड काच सगळ्यात फसवी. काळसर दिसते म्हणून थंड वाटते, पण ती ऊन परत पाठवण्यापेक्षा स्वतः पिते आणि तापते, दुपारी आतून हात लावून बघा, मग तीच उष्णता थोडी बाहेर थोडी आत. रिफ्लेक्टिव्ह काच ऊन परत फेकते, एसएचजीसी बराच खाली येतो, पण प्रकाशही कमी होतो आणि रात्री दिवा लावला की उलटं, बाहेरच्यांना आतलं सगळं दिसतं. लो-ई म्हणजे काचेवर चांदीचे काही नॅनोमीटर जाडीचे थर, उन्हातला डोळ्याला दिसणारा भाग येऊ देतात आणि न दिसणारा उष्ण भाग, जो साधारण निम्मा असतो, तो परत पाठवतात. यातही थंड प्रदेशाची लो-ई वेगळी असते, तिचा एसएचजीसी मुद्दाम जास्त ठेवतात, आपल्याला सोलर कंट्रोलवाली पाहिजे. चांदीचा मऊ थर उघडा राहिला तर हवेनं खराब होतो म्हणून तो डबल ग्लासच्या आतल्या बाजूला, बाहेरच्या काचेच्या मागच्या अंगाला घालतात. म्हणजे डबल ग्लास वाईट नाही, पण थर नसलेली नुसती डबल ग्लास आपल्या उन्हाला पुरत नाही.

थर खरंच आहे का हे दुकानात उभ्या उभ्या तपासता येतं. लायटर पेटवून काचेजवळ धरा आणि तिरकं बघा, दोन काचांच्या चार अंगांची चार प्रतिबिंबं एका ओळीत दिसतील. चारही एकाच रंगाची असतील तर साधी डबल ग्लास. एखादं गुलाबी, जांभळट, वेगळ्या छटेचं असेल तर त्या अंगावर थर आहे. बाहेरून मोजत दुसरं यायला पाहिजे. दुकानदार जरा चमकून बघतो, बघू दे.

तिसरा आकडा व्हीएलटी, म्हणजे प्रकाश किती येतो. तो एसएचजीसीपेक्षा जास्त असावा एवढंच बघा, उदाहरणार्थ व्हीएलटी 0.50 आणि एसएचजीसी 0.28 ही चांगली जोडी. नाहीतर ऊन अडवायच्या नादात भर दुपारी ट्यूब लावून बसायची वेळ येते.

पण काचेवर खर्च करण्याआधी बाहेर सावली होते का ते बघा. दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटी छज्जा असला की काम झालं, एप्रिलच्या मध्यावर आपल्याकडं दुपारचा सूर्य 82-83 अंशांवर म्हणजे जवळपास डोक्यावरच असतो, ऊन छज्जाखाली येतच नाही, आणि डिसेंबरमध्ये तोच सूर्य 50 अंशांपर्यंत खाली उतरतो तेव्हा कोवळं ऊन हवंच असतं. पश्चिमेला मात्र छज्जा बिनकामाचा, साडेचारला सूर्य जेमतेम 32 अंशांवर, ऊन आडवं घुसतं. तिथं बाहेरून उभी आडोशाची सोय पाहिजे, बांबूची चिक, वाळ्याचा पडदा, लाकडी झडपा, शेडनेट काहीही. तासगावकडं बेदाण्याचं शेड बघितलंय का? बाजूनं हिरवं नेट, ऊन बाहेरच तुटतं आणि वारं आरपार खेळतं, द्राक्षं सावलीत वाळतात. घराला हेच पाहिजे. आतला पडदा कितीही जाड घ्या, ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं, मग पडदा तापतो आणि खोलीही. संहितासुद्धा बाहेरची सावली धरून एसएचजीसी कमी करून मोजते, आतल्या पडद्याचे मार्क देत नाही.

दुसरं म्हणजे खिडकी उघडते किती. साताऱ्यात रात्री पारा बावीसेक अंशांवर येतो, वारं असतं, तर एसी नसलेल्या घराला रात्रभर खिडकी उघडी ठेवणं हाच खरा कूलर. दोन पल्ल्यांची स्लायडिंग घेतली की निम्मीच जागा उघडते, तीन पल्ल्यांची 67 टक्के, आणि जुन्या सागवानी खिडकीसारखे बाहेर उघडणारे पल्ले असले तर 90 टक्के. म्हणजे निम्मं वारं आपण हौसेनं बंद करतो. आजोबांच्या वेळची सोय होती, दुपारी झडपा लावायच्या आणि रात्री सताड उघडायच्या, ती नव्या खिडकीतही करता येते, केसमेंट (बाहेर उघडणाऱ्या पल्ल्यांची) मागा, मच्छरजाळी आतून बसते.

फ्रेमचं थोडक्यात. ॲल्युमिनियममधून उष्णता यूपीव्हीसीपेक्षा शेकडो पट सहज जाते, त्यामुळे काच कितीही भारी असली तरी कडेची पट्टी तापतेच. आणि कोटेशनमधली यू व्हॅल्यू बहुतेक वेळा नुसत्या काचेच्या मध्यभागाची असते, फ्रेम धरून पूर्ण खिडकीची किती ते विचारा. एसी लावणार असाल तर रबर गास्केट नीट बसलंय का हेही बघा, फटीतून थंड हवा गेली तर वरचे सगळे आकडे कागदावरच.

डबल ग्लास घेताना एक गोष्ट आवर्जून. काही ठिकाणी दोन काचा सिलिकॉननं चिकटवून जागेवरच "डबल ग्लास" बनवून देतात. कारखान्यातल्या युनिटमध्ये मधल्या पट्टीत ओल शोषणारे दाणे भरलेले असतात आणि कडा दोनदा सील केलेल्या असतात, जागेवर केलेल्यात ते नसलं की पहिल्याच पावसाळ्यात आतून धुकं धरतं आणि ते पुसायला हातही पोचत नाही. तेव्हा ऑर्डरवर एसएचजीसी, व्हीएलटी, पूर्ण खिडकीची यू व्हॅल्यू, थर कुठल्या अंगावर आणि सीलची वॉरंटी किती वर्षं हे लिहून घ्या, आणि खालच्या ट्रॅकला पाणी जायची भोकं बाहेरच्या बाजूला पाडलीत का ते बिल देण्याआधी एक तांब्या पाणी ओतून बघा.