मातीची चकती मातीत मिळत नाही

बंदुकीच्या सरावात यंत्राने हवेत उडवायच्या चकत्यांबद्दल एक समज पक्का आहे: "त्या मातीच्याच असतात, दोन पावसाळ्यांत विरघळतात, तुकडे वेचायची गरज नाही."

नावामुळे असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण नेहमीची चकती (व्यास सुमारे 110 मिमी, वजन 105 ग्रॅमच्या आसपास) चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखं पिच यांची बनते. साधारण दोन भाग चुनखडी, एक भाग पिच.

घरी तपासता येतं. एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवा. तो तसाच राहतो. कच्ची माती विरघळली असती. मग भाजलेली असेल? खिळा चिमट्यात धरून तापवा आणि टोचा. कौलात तो शिरणार नाही, चकतीत शिरतो आणि डांबराचा वास येतो. हे उघड्यावर करा, धूर हुंगू नका. खरवडलेल्या भुकटीवर व्हिनेगर टाकलं की बुडबुडे येतात, ती चुनखडी.

म्हणूनच कोकणातला धुवाधार पाऊसही तुकडे फक्त वाहून नेतो, उताराखालच्या शेतात. कोळशाच्या डांबराचं पिच असलेल्या चकत्यांचे तुकडे खाऊन डुकरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा गुरं चरतात तिथे ते राहू देऊच नयेत. यंत्राचं तोंड मोकळ्या कातळाकडे ठेवा. गवतापेक्षा तिथे तुकडे पटकन दिसतात. मृगाआधी वेचून घ्या. यंत्राभोवतीही बघा: तापलेल्या पत्र्याखाली ठेवलेल्या चकत्या एकमेकींना चिकटतात आणि फेकतानाच फुटतात.

'जैवविघटनशील' चकत्यांपैकी गंधकाच्या चकत्या जमीन आंबट करतात. आपली जांभ्याची जमीन आधीच आंबट, त्यामुळे खोक्यावरचे घटक वाचूनच घ्या.