लाकूड ठेवायचा रॅक: विकतचा की घरचा?

सोलापुरात लोखंडी सामानाच्या दुकानात ‘रॅक द्या’ म्हटलं की चार खांबांचा, भोकाभोकांच्या अँगलचा, पत्र्याच्या खणांचा सांगाडा पुढं येतो. किराणा दुकानात असतो तोच. सुतार ज्याला लाकूड ठेवायचा रॅक म्हणतो तो वेगळा: भिंतीलगत तीन उभे अँगल आणि त्यांतून पुढं आलेले हात, बस. नाव एकच, म्हणून मी फसलो आणि सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आधी पहिला उचलून आणला.

त्याचा खण तीन फूट रुंद. माझ्या फळ्या सागवानी, जुन्या वाड्यातल्या, सात-आठ फुटी. पुढच्या दोन खांबांमुळं त्या समोरून आत जाईनात. बाजूनं सरकवायच्या तर फळीच्या लांबीएवढी मोकळी जागा पाहिजे, आणि माझं वर्कशॉप म्हणजे १० बाय १२ ची पत्र्याची शेड. कशाबशा कोंबल्या, तर दोन्हीकडं अडीच-अडीच फूट बाहेर. पहिल्याच आठवड्यात कपाळावर टेंगूळ आलं. दुकानदाराचा दोष नाही. मी रॅक मागितला, त्यानं रॅक दिला.

मग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेटरकडं गेलो. त्यानं माप विचारलंच नाही. आधी विचारलं, “अण्णा, फळ्या पुढनं घालणार का बाजूनं?” सगळा फरक त्या एका प्रश्नात आहे.

हातांचा रॅक समोरून उघडा असतो. हवी ती फळी उचलली की झालं. पण वजनाचा हिशेब बदलतो. चार खांबांच्या रॅकमध्ये भार सरळ जमिनीत उतरतो. हातांवरचा भार भिंतीपासून पुढं लोंबतो आणि वरचा बोल्ट भिंतीतून उपसायला बघतो. वाळलेल्या सागाचा घनफूट साधारण १८ किलो धरा. ८ फूट लांब, ८ इंच रुंद, १ इंच जाड फळी आठेक किलोची होते. एका थरावर १० फळ्या म्हणजे ८० किलो, आणि असे थर चार.

शेड ज्या भिंतीला लागून आहे ती आमच्या पेठेतल्या घराची, दगड-मातीची. त्यात अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट, आवळला की माती भुगा होऊन गळते. म्हणून उभे अँगल भिंतीला टांगले नाहीत, शहाबादी फरशीवर उभे केले. भार फरशीवर गेला, भिंतीतल्या बोल्टांना फक्त रॅक पुढं कलू न देण्याचं काम उरलं. तेही बोल्ट मातीच्या सांध्यात न घेता अखंड दगडात भोक पाडून घेतले. नव्या घरात पोकळ ब्लॉकच्या भिंती असतील तर काँक्रीटचा कॉलम शोधा.

मापं सांगतो. ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचे तीन अँगल, सहा-सहा फुटी, एकमेकांपासून अडीच फुटांवर. त्याहून लांब ठेवले तर पातळ फळ्या मध्ये झोल धरतात. प्रत्येकाला फूटभर लांबीचे चार हात, टोकाकडं फुटाला चार-पाच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चढ, म्हणजे फळी पुढं घसरत नाही. सगळं मिळून साधारण ३० फूट लोखंड. हा अँगल मीटरला ३ किलो भरतो, म्हणजे २७-२८ किलो. फॅब्रिकेटर किलोवर दर सांगतो. त्यानं गुणा, मजुरी आणि रेडऑक्साईड (गंज न धरण्याचा रंग) मोजा, आणि मगच विकतच्या रॅकशी तुलना करा. घरचं म्हणजे स्वस्तच, असं नाही. खांब आणि हात लाकडाचेही चालतात, पण हात खांबाच्या खाचेत बसवून दोन्ही अंगांनी प्लायचे तुकडे स्क्रूनं जखडा. नुसत्या खिळ्यांवर विसंबू नका.

सगळ्यात खालचा हात जमिनीपासून फूटभर वर ठेवा, वाळवी चढताना दिसली तरी पाहिजे. आणि आपल्याकडचा एप्रिल-मे विसरू नका. पत्र्याखाली फळीची टोकं आधी सुकतात आणि तडकतात. मी टोकांना ऑइलपेंट फासतो, थरांमध्ये पातळ पट्ट्या ठेवतो.

पहिला रॅक वाया गेला नाही. दोन-अडीच फुटांचे तुकडे, फेविकॉलचे डबे, रंधा, शिकंजे, सगळं त्यावर आहे. तुमच्याकडं एवढंच सामान असेल तर वेल्डिंगच्या नादी लागू नका, विकतचाच आणा. नट-बोल्टांवर तासाभरात उभा राहतो, भाड्याचं घर बदललं की खोलून रिक्षात टाकता येतो. फक्त कोपऱ्यांच्या त्रिकोणी पट्ट्या दुकानातून मागून घ्या. त्या नसल्या की रॅक आडवा डुलतो.