ऑलिम्पिकच्या यादीत नसलेला डॅनिश विश्वविजेता

डेन्मार्कच्या ट्रॅक सायकलिंगचा विषय निघाला की १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमधला विली फाल्क हान्सन आणि १९७२च्या म्युनिकमधला नील्स फ्रेडबोर्ग यांची नावं घेतली जातात. दोघांनी एक किलोमीटरच्या शर्यतीत सुवर्ण जिंकलं, त्यामुळे ते योग्यच. पण या दोघांच्याही आधी सहा वेळा जगज्जेता झालेला थोरवाल्ड एलेगार्ड मागे राहतो, याची मला मनापासून खंत वाटते. कारण साधं आहे: तो व्यावसायिक होता आणि त्या काळी ऑलिम्पिक फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं.

१८७७ साली फ्यून बेटावर जन्मलेल्या एलेगार्डची शर्यत होती स्प्रिंट. नावावरून वाटतं, सुरुवातीपासून जीव तोडून पळायचं. प्रत्यक्षात पहिले वळसे अगदी सावकाश जातात. कुणालाच पुढे राहायचं नसतं, कारण पुढच्याला वारा कापावा लागतो आणि मागचा त्याच्या आडोशाने दम राखून ठेवतो. ब्रेक आणि गिअर नसलेली सायकल आतल्या बाजूला उतरत्या गोलाकार ट्रॅकवर जवळजवळ जागच्या जागी तोलून धरायची, प्रतिस्पर्ध्यावर नजर ठेवायची आणि अखेरच्या दोनेकशे मीटरमध्ये झेप घ्यायची. पायांइतकंच डोकं शाबूत लागतं.

त्यामुळेच असेल, तो इतका टिकला. १९०१ आणि १९०२च्या विजेतेपदांनंतर १९०३ची जागतिक स्पर्धा कोपनहेगनमध्ये झाली आणि तीही त्यानेच जिंकली. पुढे किताब हातचा गेला. १९०६ला परत मिळवला, पुन्हा गमावला, १९०८ला पुन्हा घेतला. सहावा आला १९११ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. सलग जिंकण्यापेक्षा हे हरून परत येणं मला मोठं वाटतं.

व्यावसायिक ट्रॅक शर्यतींची पंढरी तेव्हा पॅरिस. १९१३ साली तिथेच त्याला मुलगी झाली, तिचं नाव फ्रान्स. ती पुढे नामवंत पियानोवादक झाली. तो स्वतः १९२६पर्यंत, म्हणजे पन्नाशीच्या उंबरठ्यापर्यंत शर्यतीत उतरत राहिला.

सहा किताबांची बरोबरी बेल्जियमच्या जेफ शेरेन्सने १९३७ साली केली, तीही कोपनहेगनमध्येच. युद्धानंतर, १९४७ साली त्याने सातवा किताब जिंकून विक्रम मोडला, तेव्हा एलेगार्ड सत्तरीचा होता. १९५४ साली त्याचं निधन झालं.