ग्राफ डेटाबेस आणि आरडीएफ साठे

जनुके, प्रथिने, औषधे, प्रयोग, शोधनिबंध आणि त्यांच्यातली नाती अशा जोडलेल्या वैज्ञानिक डेटासाठी दोन प्रकारच्या साठवण-प्रणाली वापरल्या जातात. पहिला प्रकार गुणधर्म-ग्राफवर, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा या दोन्हींवर गुणधर्म लिहू देणाऱ्या रचनेवर, उभ्या असलेल्या ग्राफ डेटाबेसचा. निओफोरजे हे त्यातले सर्वांत परिचित नाव. दुसरा आरडीएफ (रिसोर्स डिस्क्रिप्शन फ्रेमवर्क) साठ्यांचा, ज्यांना त्रिकसाठे असेही म्हणतात. फळ्यावर चित्र काढले तर दोन्हींत गोल आणि बाण सारखेच दिसतात, त्यामुळे त्यांची गल्लत सहज होते. तुलना बहुतेक वेळा वेगापासून सुरू होते, पण आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: नोंदीची ओळख डेटाबेसच्या आतच राहणार, की बाहेरही टिकणार?

आरडीएफ ही वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची शिफारस १९९९ मध्ये आली. तिच्यात प्रत्येक माहिती तीन पदांच्या विधानात, म्हणजे त्रिकात, मांडतात. व्याकरणातले कर्ता, क्रियापद आणि कर्म आठवले तर रचना चटकन लक्षात येते. ही पदे साधे शब्द नसून बहुधा वेबवरचे पूर्ण पत्ते असतात. माणसाच्या पी५३ या प्रथिनाला युनिप्रॉट या कोशात पी०४६३७ हा क्रमांक आहे आणि त्यावरून बनलेला पत्ता जगात कुठेही त्याच प्रथिनाकडे बोट दाखवतो. दोन प्रयोगशाळांनी एकमेकींना न विचारता तो वापरला, तरी त्यांची त्रिके एका साठ्यात ओतली की आपोआप जुळतात. स्पार्कल ही प्रश्नभाषा २००८ मध्ये प्रमाणित झाली. २०१३ च्या आवृत्तीपासून एकाच प्रश्नात दूरच्या दुसऱ्या साठ्यालाही विचारण्याची सोय तिच्यात अधिकृतपणे आली.

गुणधर्म-ग्राफमध्ये बिंदूला अंतर्गत क्रमांक असतो आणि तो त्या डेटाबेसपुरताच अर्थपूर्ण ठरतो. बाहेरचा क्रमांक एक गुणधर्म म्हणून लिहून ठेवता येतो, पण तशी सक्ती नाही, आणि सक्ती नसली की घाईत ते राहून जाते. प्रमाणीकरणही उशिराचे: सायफर ही प्रश्नभाषा निओफोरजेबरोबर २०११ च्या सुमारास वाढली, पण जीक्यूएल हे ग्राफ-प्रश्नभाषेचे आंतरराष्ट्रीय मानक थेट २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर प्रत्येक उत्पादनाची बोली निराळी होती.

मात्र कडेवर माहिती लिहायची वेळ आली की पारडे फिरते, आणि विज्ञानात ही वेळ सतत येते. ‘पी५३ ची एमडीएम२ या दुसऱ्या प्रथिनाशी आंतरक्रिया होते’ एवढे विधान संशोधकाला पुरत नाही. कोणत्या पद्धतीने पाहिले, कोणत्या निबंधात, किती खात्रीने, हेही हवे असते. गुणधर्म-ग्राफमध्ये हे सगळे त्या कडेवरच लिहिता येते. आरडीएफच्या त्रिकाला मात्र अशी जागा नाही. जुना उपाय म्हणजे विधानालाच एक वस्तू मानणे: एका त्रिकाचे वर्णन करायला चार त्रिके, आणि त्यांवर पुरावा वेगळा. हा उपाय कुणालाच फारसा आवडला नाही. नाव दिलेले ग्राफ, म्हणजे त्रिक कोणत्या ग्राफातले हे सांगणारे चौथे पद जोडणे, ही तडजोड अधिक रुळली. विकिपीडियाचा भावंड-प्रकल्प असलेल्या विकिडेटा या खुल्या ज्ञानसाठ्याने प्रत्येक दाव्यासाठी मधला बिंदू निर्माण करून त्यावर संदर्भ टांगले. विधानाविषयी थेट विधान करू देणारी आरडीएफ-स्टार ही कल्पना २०१४ मध्ये मांडली गेली आणि आरडीएफ १.२ च्या मसुद्यात तिने जागा मिळवली.

दुसरा फरक वाटांचा. अमुक औषधापासून तमुक आजारापर्यंत कोणत्या प्रथिनांमधून जाता येते, असे सायफरमध्ये विचारले तर उत्तरात अख्खी वाट मिळते. स्पार्कलची वाट-पदावली दोन टोके जोडलेली आहेत एवढेच सांगते. मधले टप्पे किंवा लांबी थेट देत नाही. औषधांचे नवे उपयोग शोधण्यासाठी २०१७ मध्ये सादर झालेला हेटिओनेट हा ग्राफ, ४७,०३१ बिंदूंचा आणि साडेबावीस लाख कडांचा, निओफोरजेमध्ये उपलब्ध करून देण्यात आला, यात म्हणूनच आश्चर्य नाही. जैविक प्रक्रियांचा रिअ‍ॅक्टोम हा कोशही निओफोरजेकडे वळला आणि प्रश्नांचा सरासरी वेळ ९३ टक्क्यांनी घटल्याचे त्याच्या चमूने २०१८ मध्ये नोंदवले. हा आकडा उद्धृत करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ती तुलना तक्त्यांवर चालणाऱ्या संबंधात्मक डेटाबेसशी होती, आरडीएफ साठ्याशी नव्हे.

आरडीएफच्या बाजूला तर्काची परंपरा आहे. २००४ मध्ये आलेल्या ओडब्ल्यूएल या भाषेत संकल्पनांचे नियम लिहिले की साठा न लिहिलेली विधानेही काढू शकतो. येथे ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘खोटे’ असा होत नाही, फक्त ‘ठाऊक नाही’ असा होतो, आणि ही भूमिका वैज्ञानिक ज्ञानाला शोभते. अडचण अशी की, त्यामुळे राहून गेलेली नोंदही चूक म्हणून पकडली जात नाही. ती पकडण्यासाठी २०१७ मध्ये शॅकल हे वेगळे मानक आणावे लागले. तर्काचा सर्वांत घातक सापळा ‘हे आणि ते एकच’ या विधानात आहे. कुणी जनुकाची नोंद आणि त्याच जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाची नोंद एकच असल्याचे लिहिले, की जनुकाचे गुणधर्म प्रथिनाला चिकटतात आणि चूक जोडलेल्या साऱ्या साठ्यांत झिरपते. गुणधर्म-ग्राफमध्ये अशी चूक घरातच राहते, कारण मुळात तो कुणाशी जोडलेलाच नसतो.

आकारमानात आरडीएफ साठे मागे नाहीत. युनिप्रॉटचा सार्वजनिक साठा शंभर अब्जांहून अधिक त्रिकांचा आहे. पण कुणीही काहीही विचारू शकेल असे दार उघडे ठेवणे महाग पडते. विकिडेटाच्या प्रश्नसेवेत एका प्रश्नाला ६० सेकंदांची मर्यादा आहे, आणि वाढत्या आकाराचा भार सोसेना म्हणून २०२५ मध्ये शोधनिबंधांच्या नोंदी वेगळ्या ग्राफमध्ये काढाव्या लागल्या. निबंध आणि इतर नोंदी यांना जोडणारे प्रश्न आता दोन साठ्यांना मिळून विचारावे लागतात.

दोन्ही प्रकार एकत्र वापरण्याची रीतही आहे: विश्लेषण गुणधर्म-ग्राफवर, प्रकाशन आरडीएफमध्ये. निओफोरजेमध्ये आरडीएफ आणण्या-नेण्यासाठी निओसिमँटिक्स हे जोडसाधन आहे. रूपांतराचे तांत्रिक काम त्याने सुटते. बिंदूंना स्थिर पत्ते सुरुवातीपासून दिलेले नसतील, तर मात्र हजारो नोंदींतले कोणते ‘पी५३’ माणसाचे आणि कोणते उंदराचे, हे माणसालाच एकेक करून ठरवत बसावे लागते.